एकरी साठ टन ऊस तुटला. हे वजन आलं कुठून?

वाळव्याचा बापू | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, घरात वाद पेटलाय आणि दोन्हीकडची माणसं हटायला तयार नाहीत.

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठची काळी जमीन. को ८६०३२ या जातीच्या उसाची आडसाली (सोळा-सतरा महिने रानात राहणारी) लागण होती. गेल्या आठवड्यात तोड झाली, एकरी साठ टनांच्या आसपास पडला. शेवटची ट्रॉली रस्त्याला लागली तसे आमचे तात्या (थोरले चुलते) म्हणाले, "साठ टन रान गेलं बघ कारखान्याला. जमीन खंगणार न्हाई तर काय हुईल?" धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली, "रान नाही गेलं तात्या, हवा गेली." झालं. तेव्हापासून रोज जेवताना हाच विषय.

मी हिशोबाला बसलो तर रासायनिक खताची सगळी पोती मिळून एकरी टनभरसुद्धा भरत नाहीत. शेणखत चार-पाच ट्रॉल्या, पण त्यात निम्म्याहून जास्त ओलच. मग साठ टन आलं कुठून? "सूर्यप्रकाशात हरितद्रव्याच्या मदतीने वनस्पती अन्न तयार करतात" हे मलाही पाठ आहे, त्यावर दोन मार्क मिळवलेत. तात्यांना ते ऐकवलं तर म्हणतात, "तयार करत्यात, पर कशातनं?"

वजनात बसवून कोणी सांगेल का? शिवाय ऊस "सी-फोर" पीक आहे असं एका मेळाव्यात ऐकलं होतं. ते काय प्रकरण आहे? जरा इस्कटून सांगा.

अवांतर आत्या | रात्री ९.२२

बहिणीला आधी ग्रामपंचायतीला उभी करा. बाकी चालू द्या, वाचतेय.

चिपाड | रात्री ९.४८

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करतो, तेव्हा वजनाचं माझ्याकडं लागलं.

उसात साधारण सत्तर टक्के पाणी. म्हणजे बापू, तुमच्या साठातले बेचाळीस टन पाणीच वाहून नेलं ट्रॅक्टरनं. उरले अठरा टन. त्यात निम्मी-शिम्मी साखर, तेवढाच चोथा, आणि थोडंफार बाकीचं. आता साखर काय आणि चोथा काय, दोन्हीत तीनच गोष्टी: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. कोरड्या वजनात कार्बन ४५ टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे एकरी आठ टन कार्बन.

हा कार्बन मुळांनी आणलेला नाही. पानांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेला आहे. एक किलो कार्बन हवा असेल तर ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणजे आठ टनांना एकोणतीस टन. वाढं (हिरवे शेंडे), पाचट (वाळका पाला) आणि मुळं यात धरलेली नाहीत.

मातीतून आलेलं किती ते बघायचं असेल तर चिपाड (रस काढून उरलेला चोथा) जाळायचं. राख उरते ती मातीची देणगी. कोरड्या वजनाच्या चार-दोन टक्के. बाकी सगळं जिथून आलं तिथं गेलं, धुराड्यातून.

बहीण जिंकली.

सरळरेघ | रात्री १०.१५

चिपाड, आकडे पटले. पण एकोणतीस टन ऐकून एक शंका आली म्हणून कागद-पेन्सिल घेतली.

हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती? दहा लाखांत सव्वाचारशे भाग, तेही आकारमानाने. वजनाने ०.०६४ टक्के. एका चौरस मीटरवर वातावरणाचं वजन साधारण दहा टन असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड साडेसहा किलो. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. गुणाकार केला तर साडेसव्वीस टन येतात.

म्हणजे बापूंच्या एका एकरावर बांधापासून थेट आभाळ संपेपर्यंत जेवढा कार्बन डायऑक्साइड उभा आहे, तेवढा सगळा ओढून घेतला तरी एका आडसाली उसाला पुरला नाही. अडीच टन शेजाऱ्याचा घेतला.

मी हे दोनदा तपासलं. मोघम हिशोब आहे, पण शून्य कुठे चुकलेलं नाही.

वाळव्याचा बापू | रात्री १०.२१

शेजाऱ्याचा घेतला?? बांधावरनं आधीच कोर्टात केस चालू आहे. हे त्याला कळू देऊ नका.

सरळरेघ | रात्री १०.३०

घाबरू नका, वारा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. आणि परत येतोय की तो. साखर खाल्ली की श्वासावाटे, चिपाड जाळलं की धुरावाटे, मुळं कुजली की जमिनीतून. फिरत राहतो म्हणून तर पुरतो.

मास्तरीण | सोमवार, सकाळी ६.०५

निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा. बापू, तात्यांना हसू नका, त्यांच्या बाजूला फार मोठी माणसं होऊन गेली आहेत. झाड माती खाऊन वाढतं, असं ॲरिस्टॉटलच्या काळापासून जवळपास दोन हजार वर्षं शहाणी माणसं मानत होती. दिसतं तसंच ना! मूळ मातीत, खत मातीत.

पहिल्यांदा तराजू लावला तो व्हॅन हेल्माँट या बेल्जियमकडच्या माणसाने. कुंडीत दोनशे पौंड वाळवलेली माती, त्यात पाच पौंडांचं विलोचं रोप. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड १६९ पौंड भरलं आणि माती घटली होती दोन औंस. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. निम्मं बरोबर! गंमत अशी की वायू हा हवेपेक्षा वेगळा पदार्थ असू शकतो, याचा विचार करणाऱ्या पहिल्या लोकांत तोच होता. लाकूड जाळल्यावर निघणाऱ्या वायूवर त्याने लिहिलंय. तोच वायू समोरच्या झाडात शिरतोय, एवढं मात्र त्याला सुचलं नाही.

पुढे १७७१ मध्ये प्रिस्टलीने बंद भांड्यात पुदिन्याची डहाळी ठेवली आणि मेणबत्तीने 'बिघडवलेली' हवा पुन्हा जळण्याजोगी होते हे दाखवलं. पण त्याचा प्रयोग कधी जमायचा, कधी नाही. का, ते १७७९ मध्ये इंगेनहाउझने सांगितलं: ऊन पाहिजे, आणि हिरवाच भाग पाहिजे. अंधारात झाडही आपल्यासारखीच हवा बिघडवतं. आणि १८०४ मध्ये द सोस्यूरने काटेकोर वजनं करून दाखवलं की नुसता कार्बन डायऑक्साइड धरला तर हिशोब जुळत नाही, पाणीही झाडाच्या वजनात धरावं लागतं.

म्हणजे तुमच्या जेवणाच्या ताटावरचा वाद युरोपात दीडशे वर्षं चालला होता. तात्यांना वेळ द्या.

आतली यंत्रणा दुपारी लिहिते, नातीची शाळेची गाडी आली.

बेदाणा | सकाळी ८.४०

बाई, दंडवत. वाचनखूण साठवली.

तासगावकडचा बागायतदार आहे. माझ्याकडं याचा पुरावा आहे, आणि तो दरसाल पैसे देऊन करून घेतो. गर्डलिंग. मणी धरले की वेलीच्या खोडाची साल गोल कापून तीन-चार मिलिमीटरची रिंग काढायची. आतल्या लाकडाला धक्का लागू द्यायचा नाही. वेल वाळत नाही, उलट मणी फुगतात.

का? मुळांकडून येणारं पाणी लाकडातनं वर जातं, ते चालूच राहतं. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीतनं खाली मुळांकडं जाते, तिची वाट बंद. मग ती वरच घुटमळते आणि घडात उतरते. महिनाभरात जखम भरून येते. नाही भरली तर मुळं उपाशी मरतात, वेल जाते. तेव्हा नवशिक्या माणसाच्या हातात चाकू देऊ नका.

मण्याची फुगवण मुळांनी वर पाठवलेल्या खतानं झाली असती, तर खालची वाट बंद करून काय फरक पडला असता? तात्यांना आमच्या बागेत घेऊन या. चहा माझ्याकडं.

चिपाड | सकाळी ९.१५

हे एक नंबर. पुस्तकात हा प्रयोग असतो, पण एकरभर बागेवर करून पैसे कमवणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात.

मास्तरीण | दुपारी २.३०

आता आतलं.

पानाच्या पेशीत हरितलवके असतात, त्यात पातळ चकत्यांच्या चवडी. त्या चकत्यांच्या पडद्यात हरितद्रव्य बसलेलं असतं. ते लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्या मानाने कमी, म्हणून रान हिरवं दिसतं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मुलं पाठ करतात आणि विसरतात, कारण आपण शिकवताना मुख्य गोष्टच घाईत उरकतो: पाणी फुटतं.

प्रकाश पडला की हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन उचलला जातो आणि पुढे पाठवला जातो. रिकामी झालेली जागा भरायला झाड पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. पाणी फुटतं, हायड्रोजन कामाला लागतो, ऑक्सिजन उरतो. तो झाडाच्या दृष्टीने टाकाऊ. आपण सगळे त्या टाकाऊवर जगतो. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला आहे, हे रूबेन आणि केमेन यांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून दाखवलं. चिपाड यांचे एकोणतीस टन धरले, तर बापूंच्या एका एकराने जवळपास एकवीस टन ऑक्सिजन सोडला, आणि तो सगळा मोटारीच्या पाण्यातला.

इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात दोन गोष्टी तयार होतात: एटीपी आणि एनएडीपीएच. पहिली ऊर्जा पुरवते, दुसरी हायड्रोजन. त्या घेऊन झाड कार्बन डायऑक्साइडपासून साखर जोडतं. या जोडकामाला थेट प्रकाश लागत नाही, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याला 'अंधारातली प्रक्रिया' म्हटलंय. मुलांना वाटतं ती रात्री होते. होत नाही, दिवसाचीच कामं आहेत ती. रात्री एटीपी कोण देणार? हे टप्पे मेल्विन कॅल्व्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेवाळाला किरणोत्सारी कार्बन देऊन शोधले, १९६१ चं नोबेल त्यासाठीच.

जोडकाम करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव रुबिस्को. पानातल्या प्रथिनांत मोठा वाटा याचाच. आणि एवढं महत्त्वाचं काम करणारा हा विकर भलता संथ आहे, सेकंदाला तीन-चार रेणूंवर जात नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक नीट कळत नाही. ऑक्सिजन पकडला की घडलेलं मोडावं लागतं, कार्बन वाया जातो. ऊन तापलं की हा घोटाळा वाढतो. गहू, भात, सोयाबीन, हरभरा, द्राक्ष, हळद ही सगळी पिकं हा तोटा सोसतात.

उसाने मात्र यातून वाट काढली आहे. तिथेच तुमचं 'सी-फोर' येतं.

ढगफुटी | दुपारी ३.१०

बाई, मध्येच विचारतो, माफ करा. पिंपळ रात्री पण ऑक्सिजन देतो ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतं. तुळस पण देते म्हणे चोवीस तास.

मास्तरीण | दुपारी ३.२५

आत्ताच लिहिलं ना, पाणी फुटायला प्रकाश लागतो. रात्री प्रकाश नाही, पाणी फुटत नाही, ऑक्सिजन नाही. पिंपळ असो, तुळस असो की बाभूळ. पिंपळाला वंदन जरूर करा, त्यासाठी ऑक्सिजनची सबब कशाला हवी?

सरळरेघ | दुपारी ३.३१

आणि उलटी अफवाही आहे: रात्री झाडाखाली झोपू नये, झाड कार्बन डायऑक्साइड सोडतं. सोडतं, पण उघड्यावर तो टिकतोय कुठे? बंद खोलीत शेजारी घोरणारा माणूस कुंडीतल्या झाडाच्या कितीतरी पट सोडतो. त्याला कोणी बाहेर काढत नाही.

अवांतर आत्या | दुपारी ३.४०

काढते की.

जतकर | सायंकाळी ६.५०

न्हाई, थांबा जरा. रातीचं काईच न्हाई म्हंता, पर आमच्या ड्रॅगनफ्रूटचं काय? मेळाव्यात सायबानं सांगितलं की ह्ये झाड रातीला हवा घेतंय. आमच्या भावकीतल्या एकानं तर बागंत बल्ब लावल्यात, रातभर उजेड. मग त्यो कशापायी?

मास्तरीण | सायंकाळी ७.१५

जतकर, साहेबांनी बरोबर सांगितलं. ड्रॅगनफ्रूट, निवडुंग, कोरफड, घायपात, अननस ही मंडळी पानांची (किंवा खोडांची) छिद्रं दिवसा मिटून घेतात, कारण जतच्या उन्हात उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा छिद्रं बंद ठेवून, आतल्या आत तो मोकळा करून उन्हावर साखर बनवतात. म्हणजे रात्री आवक, दिवसा काम. ऑक्सिजन दिवसाच तयार होतो.

हे घरी चाखून बघता येतं. पानफुटी माहीत आहे ना, मुतखड्यावर खातात ती. सकाळी पान तोंडात टाकलं तर आंबट लागतं, दुपारनंतर आंबटपणा जातो. दोनशे वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यात नोकरीला असलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे चाखूनच टिपलं आणि १८१३ मध्ये लंडनला पत्राने कळवलं. आपल्या आज्यांना ते आधीपासून ठाऊक असणार, पत्र कोणी लिहिलं नाही इतकंच.

भावकीतल्यांचे बल्ब वेगळ्या कारणासाठी आहेत. त्या उजेडावर साखर बनत नाही, तेवढा जोर त्यात नाही. ड्रॅगनफ्रूटला दिवस मोठा आणि रात्र लहान असली की कळी येते. हिवाळ्यात रात्र मोठी, म्हणून उजेड पाडून ती मोडतात. झाडाला वाटतं उन्हाळा आलाय. शेवंतीवाले नेमकं उलट्या हेतूने दिवे लावतात, कळी लांबवायला. प्रकाशाचा एक उपयोग पोटासाठी, दुसरा दिनदर्शिकेसाठी. गल्लत करू नका.

जतकर | सायंकाळी ७.२२

आता ध्यानात आलं. लाइटबिल बघून मला वाटलं हुतं फळ दुप्पट गोड हुतंय.

कासपठारी | रात्री ८.००

मी ज्या धाग्याची वाट बघत होतो तो हा. कासला येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "कीटक खाणारं झाड दाखवा," आणि दवबिंदू दाखवली की म्हणतो, "हे किडे खाऊन जगतं का?"

नाही हो. दवबिंदू काय किंवा सीतेची आसवं काय, दोघींनाही हरितद्रव्य आहे, साखर त्या उन्हावरच बनवतात. पठारावर जांभ्या खडकावर बोटभर मातीचा थर, त्यात पावसाने धुऊन नेलेलं. नत्र, स्फुरद नाही म्हणून किडा धरतात. म्हणजे किडा म्हणजे त्यांचा युरिया-डीएपी, भाकरी नव्हे. बापूंच्या तात्यांना उसापेक्षा हे उदाहरण लवकर पटेल असं मला वाटतं: माती जवळपास नाहीच, तरी पठार ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांनी भरतं.

चिपाड | रात्री ८.१८

याच्या बरोब्बर उलट टारफुला. ज्वारीत आणि काही ठिकाणी उसातही येतो. दिसायला हिरवा, पण मुळं दुसऱ्याच्या मुळात घुसवून पाणी आणि तयार माल दोन्ही ओढतो. आपल्या गावात अशी दोन-तीन माणसं सगळ्यांनाच आठवली असतील, नावं लिहू नका.

सी-फोरचं मी लिहितो, कारण गोष्ट उसातूनच सुरू झाली. हवाईतल्या ऊस संशोधन संस्थेत कॉर्टशॅक आणि त्याचे सहकारी उसाच्या पानाला किरणोत्सारी कार्बन देऊन बघत होते. कॅल्व्हिनच्या म्हणण्याप्रमाणे तो आधी तीन कार्बनच्या संयुगात दिसायला हवा होता. उसात तो आधी चार कार्बनच्या आम्लांत दिसला. हे त्यांनी १९६५ मध्ये छापलं. तोवर रशियात कार्पिलोव्हला मक्यातही असंच दिसलं होतं. मग ब्रिस्बेनला, एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ पासून सगळा मार्ग उलगडला. चार कार्बनचं संयुग आधी, म्हणून सी-फोर. गहू-सोयाबीन सी-थ्री.

आता मार्ग कसा? उसाच्या पानात शिरांभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं. रुबिस्को त्या कड्यात आत बसलेला. बाहेरच्या पेशींत दुसरा विकर आहे, तो ऑक्सिजनला अजिबात फसत नाही. तो कार्बन पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतो आणि आत पाठवतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल पोती उचलून गोदामात थप्पी लावतात, तसं. आत कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की रुबिस्कोला ऑक्सिजन पकडायला वावच राहत नाही.

हमाली द्यावी लागते, एटीपी जास्त खर्च होतो. पण कडक उन्हात ती परवडते. म्हणून ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा ही सगळी उन्हाची पिकं. आणि शेतकऱ्याला वैताग देणारी हराळी आणि लव्हाळा, तीही सी-फोर. सोयाबीनमध्ये हराळी का माजते याचं उत्तर निम्मं यातच आहे.

बेदाणा | रात्री ८.४५

एक शंका. सी-फोरची झाडं छिद्रं कमी उघडून भागवतात, म्हणजे पाणी कमी लागतं असं वाचलंय. मग ऊस पाणीबचतीचं पीक? दुष्काळी भागातल्या माणसासमोर हे बोलून दाखवा.

जतकर | रात्री ८.४९

बोलूनच दावा.

चिपाड | रात्री ९.०५

दोन्ही खरं आहे. किलोभर कोरडं वजन तयार करायला मका-ज्वारीसारख्या पिकांना ढोबळमानाने तीन-साडेतीनशे लिटर पाणी लागतं, गव्हाला पाचशेच्या आसपास. ऊस पहिल्या गटातला. पण आडसाली ऊस सोळा-सतरा महिने रानात उभा, आणि एकरी अठरा टन कोरडं वजन करतो. किलोचा दर कमी, किलो प्रचंड. त्यात आपण सरी तुडुंब भरून देतो, ते पिकाच्या नावावर खपतं.

आणि मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शंभरातलं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के पानांतून उडून जातं. कार्बन आत घ्यायला दार उघडावं लागतं, त्याच दारातून वाफ जाते. झाडाकडे दुसरं दार नाही.

सरळरेघ | रात्री ९.३५

जाता जाता एक हिशोब. बापूंच्या उसाने पडलेल्या उन्हातलं किती वापरलं? अठरा टन कोरड्या मालात साधारण तीन लाख मेगाज्यूल ऊर्जा. सोळा महिन्यांत एकरावर पडलेलं ऊन साडेतीन कोटी मेगाज्यूलच्या घरात. म्हणजे एक टक्क्याला थोडं कमी. पाचट, वाढं, मुळं धरली तर थोडं जास्त. सी-फोर पिकाची तात्त्विक मर्यादा सहा टक्के, सी-थ्रीची साडेचार. छपरावरचं सोलर पॅनल वीस टक्के काढतं. पण पॅनल स्वतःला स्वतः बांधत नाही आणि त्याचा खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) येत नाही.

लागणीपासून चार-पाच महिने रान पानांनी झाकलेलंच नसतं, ते ऊन मातीवर वाया जातं. कमी टक्केवारीला तेही कारण आहे. त्या काळात सऱ्यांत भुईमूग, सोयाबीन, हरभरा घेणारे शहाणे.

अवांतर आत्या | रात्री ९.४१

धाग्याने शंभरी गाठायच्या आत कोणी हे सांगेल का, की पुरात बुडालेला ऊस का मरतो? पाणी तर भरपूर असतं. २०१९ ला आमच्या माहेरी चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

मास्तरीण | रात्री ९.५८

पाण्यात वायू हवेच्या मानाने दहा हजार पटींनी हळू पसरतात. पान बुडालं की कार्बन डायऑक्साइड पोचत नाही, गढूळ पाण्यातून ऊनही पोचत नाही, आणि मुळांना श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस तग धरतो. शेंड्यात गाळ शिरला तर कठीण. पाणी ओसरल्यावर पानांवर गाळाचा थर बसतो, तो पुढच्या पावसाने धुतला नाही तर उरलेली पानंही अर्धीच कामाची.

वाळव्याचा बापू | मंगळवार, रात्री ८.३०

सगळा धागा तात्यांना वाचून दाखवला. गर्डलिंगवर गप्प झाले, हमालीवर हसले. शेवटी म्हणाले, "बरं, हवा तर हवा. मग जमीन खंगतीया ती का? आज्ज्याच्या काळात एवढं खत लागत न्हवतं." यावर बहिणीकडं उत्तर नव्हतं.

आणि परवा खोडव्यासाठी पाचट पेटवायचं ठरलंय.

चिपाड | रात्री ९.००

तात्यांचा मुद्दा खोडायचं काही कारण नाही. वजनाने थोडं, पण जे जातं ते मातीतूनच जातं. टनामागे साधारण एक किलो नत्र धरा, पालाश त्याहून जास्त. साठ टनांना साठ किलो नत्र दर तोडीला. ते नसेल तर हरितद्रव्यच बनत नाही. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, आणि ते घडवायला लोह लागतं. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो याच लोहापायी. कोवळी पानं पांढरट-पिवळी पडतात, हिराकस (लोहाचा क्षार) फवारल्यावर हिरवी होतात.

दुसरं म्हणजे सेंद्रिय कर्ब. तोही हवेतूनच आलेला, जुन्या मुळांनी आणि पाल्यापाचोळ्याने मातीत ठेवलेला. आज्ज्याच्या काळात शेणखत भरपूर पडायचं. आपण उलट दरसाल एकरी तीन-चार टन पाचट पेटवतो. त्यात दीड टन कार्बन, एका दुपारी परत आभाळात. नत्र आणि गंधकही बहुतेक उडून जातं, राखेत पालाश-स्फुरद तेवढं उरतं.

जतकर | रात्री ९.०८

आमच्यात पाचटाला जनावरांच्या मालकांची रांग लागल. पेटवू नगासा राव.

वाळव्याचा बापू | रात्री ९.२०

तात्यांची तक्रार: पाचट ठेवलं की पाणी सरकत नाही, उंदीर होतात आणि खोडवा पिवळा पडतो.

चिपाड | रात्री ९.४४

पिवळा पडतो, कारण पाचटात कार्बन रग्गड आणि नत्र नगण्य. कुजवणारे जिवाणू मग मातीतला नत्र ओढतात. त्याला उपाय आहे: टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. पाणी सरकत नसेल तर एक आड एक सरीत पाचट दाबायचं, मधली सरी पाण्याला मोकळी. बुडख्यांवर आलेलं पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा, कोंबांना ऊन लागलं पाहिजे. उंदरांचं मात्र तात्यांना विचारा, त्यांचा अनुभव जास्त.

वाळव्याचा बापू | बुधवार, सकाळी ७.१०

ठरलं. ओढ्याकडचं दीड एकर तात्या पेटवणार, विहिरीकडचं दीड एकर बहिणीच्या नावावर, तिथं काडी लावायची नाही. युरिया आज आणतोय.

सरळरेघ | सकाळी ७.३२

पुढच्या तोडीला दोन्ही तुकड्यांच्या ट्रॉल्या वेगळ्या काट्यावर घ्या, पावत्या इथे टाका. आणि माती परीक्षणाचे नमुने काडी लावायच्या आधी काढा, दोन्हीकडचे. ओढ्याकडचं रान मुळातच भारी निघालं तर तात्या ऐकायचे नाहीत.